कांद्याला ताडपत्री, माणसाला फाटके पोते



उन्हाळ कांदा काढून वावरात पडलेला असतो आणि दुपारनंतर आभाळ भरून येते, हा प्रसंग आपल्या जिल्ह्यात कुणाला नवा नाही. अशा वेळी घरातली लहानथोर माणसे ताडपत्री घेऊन धावतात. ताडपत्री चांगली जाड, कडांना कड्या बसवलेली, दुकानदाराशी घासाघीस करून आणलेली असते. ती असलीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण ताडपत्री ओढणाऱ्या माणसाच्या अंगावर काय असते? बहुतेक वेळा काहीच नसते, नाहीतर युरियाचे रिकामे पोते असते. एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खोचला की झाली खोळ. कांदा कोरडा राहतो, कांद्याचा धनी भिजतो आणि त्याच्याकडे रोजाने आलेली बाई तर दिवसभर भिजते.

"भिजलं तर काय होतंय, आपण काय मिठाचे आहोत का?" असे आपण हसून म्हणतो. मिठाचे नाही, हे खरे. पण ओल्या कपड्यात आठ तास वाकून काम करणारे अंग लोखंडाचेही नाही. पावसात घालायचा कपडा हे खुरप्या-विळ्यासारखेच शेतीचे अवजार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते अवजार कामाच्या मापाचे हवे आणि काम करून घेणाऱ्याने ते पुरवायला हवे. या दोन्ही बाबतीत आपण मागे आहोत.

आता कुणी म्हणेल, पाऊस पडतो तो अकोल्याच्या डोंगरात, आमच्या कर्जत-जामखेडला कशाला हवी ही चर्चा? मुद्दा बरोबर वाटतो. आपला जिल्हा म्हणजे दोन टोके. पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर घाटघर-रतनवाडीकडे एका हंगामात पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, म्हणून तर घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. तिथून पूर्वेला उतरत आलो की पाथर्डी, पारनेर, कर्जतकडे पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पडला तरी लोक वर्ष चांगले गेले म्हणतात. पण माणूस भिजतो तो मिलिमीटरच्या हिशेबाने भिजत नाही. अर्ध्या तासाचा वळवाचा पाऊस अंगातले कापड पिळून निघेल इतके भिजवतो, आणि पुढचे पाच तास ते कापड अंगावरच वाळते.

ओल्या कापडाने नेमके होते काय, ते समजून घेतले पाहिजे. आपल्याला ऊब देते ती कापडापेक्षा कापडात अडकलेली कोरडी हवा. कापड ओले झाले की तिथली हवा जाते आणि तिच्या जागी पाणी बसते. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेते. त्यावर वारा सुटला की पाणी उडताना आणखी उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते तोच हा प्रकार, फक्त इथे माठ म्हणजे आपले अंग. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला अवकाळी पाऊस आणि गार वारा एकदम आला, ते आठवून पाहा. पारनेर, संगमनेर, अकोले या पट्ट्यात आणि शेजारी जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे उघड्यावर बसलेल्या वाड्यांमधल्या शेकडो मेंढ्या एका-दोन रात्रीत गारठून मेल्या. अंगावर लोकर असलेल्या जनावराची ही गत, तर सुती लुगड्यातल्या किंवा टेरिकॉटच्या सदऱ्यातल्या माणसाचे काय सांगावे!

गारठलेला माणूस ओळखायला शिका. आधी तो कुडकुडतो, हाताची बोटे वळत नाहीत, विळा हातातून निसटतो. मग बोलणे अडखळायला लागते. कुडकुडणे थांबले आणि माणूस गुंगीत आल्यासारखा वागू लागला, तर तो बरा झाला असे समजू नका, तिथेच धोका वाढलेला असतो. ओले कपडे काढा, कोरड्या घोंगडीत गुंडाळा, शुद्धीत असेल तर गरम गोड चहा द्या आणि दवाखाना गाठा. दारूचा घोट देऊ नका. दारूने अंग तापल्यासारखे वाटते खरे, पण कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात आणि आतली उरलीसुरली ऊब बाहेर निघून जाते. आवणीच्या दिवसांत हा "उपाय" फार चालतो, म्हणून मुद्दाम लिहिले.

आपल्या वाडवडिलांकडे यावर काहीच नव्हते असे नाही. उलट त्यांनी केलेले कपडे पाहिले की आजच्या रेनकोटात काय चुकते ते कळते.

अकोल्याच्या भात पट्ट्यात आवणी करणाऱ्या बाया इरले घेतात. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, दोन जाळ्यांच्या मध्ये पळसाची किंवा सागाची पाने, आणि अलीकडे पानांच्या जागी प्लास्टिकचा कागद. डोक्यापासून कमरेच्या खालपर्यंत पाठ झाकणारे, अर्ध्या होडीसारखे. इरले उभ्या माणसासाठी नाहीच. ते वाकलेल्या माणसासाठी आहे. वाकले की पाठ आडवी होते, पाऊस पाठीवर पडतो, आणि इरले बरोबर तेवढीच जागा झाकते. पुढून आणि दोन्ही बाजूंनी ते उघडे असते. त्यामुळे हात मोकळे, वारा खेळता आणि घाम कोंडत नाही. ज्याने कुणी पहिले इरले विणले त्याने भात लावणाऱ्या बाईला तासभर पाहिले असणार.

घोंगडीचे काम वेगळे. ती उभ्या माणसाची, राखणाऱ्याची. मेंढरामागे फिरणारा, जनावरे वळणारा, माळावर रात्र काढणारा घोंगडीची खोळ डोक्यावर घेतो. दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर, सुताला चिंचोक्याची खळ, घट्ट विणीचा पट्टा. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. भिजली तरी लोकरीच्या कुरळ्या धाग्यांत हवा राहते, म्हणून ओली घोंगडीसुद्धा थोडी का होईना ऊब देते. सुती कापडाला हे जमत नाही. अहिल्यादेवींचे जन्मगाव चोंडी आपल्याच जामखेड तालुक्यातले, आणि २०२४ मध्ये जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले, याचा सर्वांना अभिमान आहे. पण मेंढपाळाच्या लोकरीला आज गिऱ्हाईक नाही. कातरलेली लोकर कित्येक जण फेकून देतात, हीसुद्धा त्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे. असो.

इरले आणि घोंगडी यांचे गोडवे गाऊन "परत जुन्याकडे चला" असे मी म्हणणार नाही. इरले विणणारे हात कमी झाले. घाटमाथ्याच्या वाऱ्यात ते उलटते, एका हाताने धरून बसावे लागते, आणि मान उचलली की पुढून पाऊस तोंडावर. घोंगडी एकदा पुरी भिजली की तिचे वजन पेलत नाही, आणि श्रावणात ती वाळायला चार-चार दिवस लागतात. नव्या पिढीला दोन्ही नको आहेत आणि त्यात त्यांची चूक नाही.

मग राहिला रेनकोट. तो आज गावोगाव मिळतो. तरीही वावरात तो दिसत नाही. का? आवणीच्या बांधावर मी हा प्रश्न बायांना विचारला तेव्हा एक आजी म्हणाल्या, "साहेब, तो कोट घातला तर आतून भिजतंय, नाही घातला तर बाहेरून. मग पैसे देऊन कशाला भिजायचं?" एवढ्या थोडक्यात हा प्रश्न मला कुठल्या पुस्तकात सापडला नसता.

बाजारातला रेनकोट शेतकऱ्यासाठी शिवलेला नसतो, मोटारसायकलवाल्यासाठी शिवलेला असतो. मोटारसायकलवाला ताठ बसतो, पाऊस त्याच्या छातीवर येतो, अंगाला कष्ट नाहीत, आणि अर्ध्या तासात तो घरी किंवा हापिसात पोचतो. त्याच्यासाठी पुढून घट्ट बंद, गळ्याशी आवळलेला, अंगाभोवती हवा न जाऊ देणारा कोट बरोबर आहे. आता हाच कोट घालून वाका. पाठीमागचा भाग वर सरकतो, कंबर उघडी पडते आणि पाठीवरचा सगळा पाऊस ओघळून थेट कमरेत उतरतो. ऊस तोडताना, मोळी डोक्यावर घेताना हात वर गेला की बाहीतून पाणी काखेपर्यंत येते. टोपी डोक्याबरोबर वळत नाही, त्यामुळे बाजूने येणारा ट्रॅक्टर दिसत नाही. खालची पॅन्ट तर लुगडे नेसणाऱ्या बाईला घालताच येत नाही. म्हणजे वावरात सर्वांत जास्त भिजणाऱ्या माणसाला हा कपडा निम्मा निरुपयोगी.

आणि घाम. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॅटच्या बल्बइतकी उष्णता बाहेर टाकतो. वाकून जोराचे काम करणारा त्याच्या तिप्पट-चौपट. ही उष्णता घालवायला अंग घाम काढते, कष्टाच्या कामात तासाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त. प्लास्टिकच्या कोटातून पाणी आत येत नाही तशी घामाची वाफही बाहेर जात नाही. ती गार कापडाला आतून लागते आणि तिचे पुन्हा पाणी होते, ताटाने झाकलेल्या भाताच्या वाफेसारखे. आजी म्हणाल्या ते हेच. ही तक्रार नवी नाही. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबर घालून पाणी न शिरणाऱ्या कापडाचे पेटंट घेतले, तेव्हापासून लोक घामाच्या नावाने ओरडत आहेत. पुढे अमेरिकेत रॉबर्ट गोर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉन जातीचे प्लास्टिक झटक्याने ताणले आणि त्याचा असा पापुद्रा तयार झाला की त्याच्या छिद्रांतून वाफ जाते पण पाण्याचा थेंब जात नाही. गिर्यारोहक आज त्याचेच कोट घालतात. कापड उत्तम, पण किंमत आपल्या आवाक्यातली नाही, आणि चिखल-घामाने कापड माखले की वाफ जाणे कमी होते. भातखाचरासाठी त्यात पैसे घालू नका, असेच मी सांगेन.

आपल्याला उपाय कापडात शोधायचा नाही, कापण्यात शोधायचा आहे. वाफेला कापडातून जाता येत नसेल तर तिला दुसरी वाट द्या. इरल्याने तेच केले होते.

तेव्हा शेतातला कोट कसा असावा? सैल, अंगापासून सुटा. पाठीचा तुकडा एकसंध, मधे शिवण नसलेला, आणि पुढच्यापेक्षा निदान वीतभर लांब, म्हणजे वाकल्यावर कंबर झाकलेली राहील. दोन्ही काखांत जाळी किंवा भोके. खांद्याखाली पाठीवर आडवी फट ठेवून तिच्यावर वरून झाप सोडली तर पाऊस आत जात नाही आणि गरम हवा वर चढून निघून जाते. आवणीसाठी बाही कोपरापर्यंतच पुरे, पुढचा हात चिखलातच असतो, तो झाकून उपयोग काय? ऊसतोडीला मात्र मनगटापर्यंत बाही हवी आणि मनगटाला इलॅस्टिक हवे. डोक्याला कोटाची टोपी नको. पुढे चोच असलेली सुटी टोपी बरी, मागून मानेवर पट्टी सोडलेली, ती डोक्याबरोबर वळते. बायांसाठी खाली पॅन्टऐवजी त्याच कापडाचा गुडघ्याच्या थोडा खाली जाणारा, मागे एकावर एक येणारा, नाडीचा परकर. कासोटा घातलेल्या लुगड्यावर तो गुंडाळता येतो. रंग पिवळा किंवा नारिंगी घ्या. धुक्यात आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या आसपास माणूस दिसला पाहिजे. काळा-निळा मळत नाही म्हणून आपण घेतो, पण मळला तर धुता येतो.

कापडाचे म्हणाल तर अगदी पातळ प्लास्टिकचा कोट बाभळीच्या एका काट्यात संपतो. नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या कापडाला आतून लेप दिलेले कापड वजनाला हलके, फाटायला चिवट आणि लवकर वाळणारे असते. वावरासाठी ते ठीक. जाड रबरी कापड टिकते फार, पण त्यात दिवसभर वाकणे म्हणजे शिक्षा. तयार कोट घेताना दुकानात तो उलटा करून शिवण पाहा. सुईचे प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला वाट. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असेल तर कोट टिकेल, नसेल तर खांद्यातून गळेल. घरी आणल्यावर खांद्याची शिवण खोलगट धरून तिच्यात तांब्याभर पाणी ओता आणि पाच मिनिटे थांबा. गळाला तर पावती घेऊन परत जा. टाचणी कधी टोचू नका. चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळत घालू नका, लेप सुटतो. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा टाळा. हंगाम संपला की पूर्ण कोरडा करून सैल गुंडाळून ठेवा, चापून घडी घातली की घडीवरच चिरतो.

आतून काय घालायचे यालाही महत्त्व आहे. जाड सुती कपडा घाम पिऊन गार पडतो. त्यापेक्षा जुना पातळ टेरिकॉटचा सदरा बरा. आणि एक साधी गोष्ट, जिला पैसा लागत नाही: बांधावर प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरडा जोड ठेवायचा आणि भाकरीच्या वेळी बदलायचा. बायांना कपडे बदलायला बांधावर आडोसा नसतो, म्हणून त्या बदलत नाहीत. कांद्याच्या ताडपत्रीचा एक तुकडा चार काठ्यांना बांधला तर आडोसा होतो. मालकाने तेवढे करावे.

पायांचे मात्र मला सोपे उत्तर देता येत नाही. चिखलणी केलेल्या खाचरात गमबूट रुततो, तिथे तो चालत नाही. तिथे पाय उघडेच राहणार आणि चिखल्या होणार. संध्याकाळी पाय साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसल्या तर त्रास बराच कमी होतो. कातडी फाटली असेल तर आरोग्य केंद्रातून मलम आणावे. आवणीनंतर ताप आला, पिंढऱ्या फार दुखू लागल्या तर "चिखलात काम केलंय" हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा. लेप्टोसारखा आजार जखमेतून शिरतो आणि वेळेवर कळला तर औषध आहे.

पण खाचर सोडले तर बाकी ठिकाणी गमबूट का नाही, हे मला न सुटलेले कोडे आहे. रब्बीत रात्रीच्या पाळीला वीज आली की आपण दारे धरायला जातो. डिसेंबर-जानेवारीची थंडी, गव्हात किंवा कांद्यात घोटाभर पाणी, हातात बॅटरी आणि पायात चप्पल किंवा तीही नाही. रात्रभर पाय ओले. साप चावतो तोही बहुधा पायालाच. पोटरीपर्यंतचा गमबूट आणि गुडघ्यापर्यंतचा पाणी न शिरणारा लेंगा घातला तर पाय कोरडा राहतो आणि नाग-मण्यार-घोणस-फुरशापासून थोडा तरी आडोसा मिळतो. आत कोरडा मोजा घाला आणि बूट घालण्यापूर्वी उलटा करून आपटा, आत विंचू बसलेला असतो. एक सावधगिरी मात्र सांगतो. रबर पायात आहे म्हणून ओल्या हाताने स्टार्टरला हात लावू नका. बूट आतून ओला झाला असेल, त्याला चीर गेली असेल, ते अंधारात कळत नाही.

ऊसतोड मजुरांचा विषय तर वर्षानुवर्षे बाजूलाच पडला आहे. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्यानंतर जिल्हाभर गाळप वाढले. तोडीला माणसे येतात ती पाथर्डी-शेवगावची आणि शेजारच्या बीडची. हंगाम हिवाळ्याचा, म्हणून पावसाच्या कपड्याचा विचार कुणी करत नाही. पण पहाटे फडात शिरणारा माणूस दहिवराने कमरेपर्यंत भिजतो. पाचटावरचे सगळे पाणी अंगावर उतरते, मोळीतून निथळणारे डोक्यावरून मानेत जाते. त्यात अवकाळी आला की कोपीही ओली आणि अंथरूणही ओले. कारखाना टोळीला उचल देतो, कोयता आणि बैलगाडी यांचा हिशेब होतो. त्या हिशेबात माणशी एक पूर्ण बाहीचा कोट आणि कोपीवर टाकायला एक ताडपत्री का बसू नये?

जाता जाता फवारणीचे सांगतो, कारण पाणी न शिरणाऱ्या कपड्याची खरी कसोटी तिथे आहे. पाठीवरच्या पंपाचे झाकण ढिले असते, औषध गळत राहते आणि पाठ भिजते. ओल्या कापडातून औषध कातडीत मुरत राहते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण वाचले आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत, नियम ३९ मध्ये, औषध हाताळणाऱ्याला ते आत झिरपू न देणारा आणि धुता येणारा संरक्षक कपडा हवा असे सरळ म्हटले आहे. कडक उन्हात पूर्ण प्लास्टिकचा कोट घालून फवारणे जमत नाही, हेही खरे. म्हणून सकाळी लवकर फवारा, आणि निदान पाठीला व पुढून गुडघ्यापर्यंत पाणी न शिरणाऱ्या कापडाचा एप्रन बांधा. पण हा एप्रन वेगळा, पावसाचा कोट वेगळा. औषधाचा कपडा घरच्या धुण्यात टाकू नका. आणि औषधाचे रिकामे पोते किंवा कागद डोक्यावर खोळ म्हणून कधीच घेऊ नका.

आता पैशाचे. चांगला कोट एका माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीत येतो आणि नीट वापरला तर दोन-तीन हंगाम जातो. पूर्वी सावडीची पद्धत होती. आज माझ्या वावरात, उद्या तुझ्या. त्यात ज्याचे त्याने इरले आणायचे हे रास्त होते, कारण प्रत्येक जण मालकही होता आणि मजूरही. आता काम रोजंदारीवर गेले, पण "ज्याचे त्याने आणावे" हा नियम तसाच राहिला. हे बरोबर नाही. आपण मजुराला खुरपे देतो, टोपली देतो, चहा देतो. कोट का नाही? "कोट दिला तर ती बाई घेऊन जाईल," ही शंका मला दर गावात ऐकू येते. कोटावर घराचे नाव रंगवा आणि संध्याकाळी औतकाठीबरोबर परत घ्या. आणि समजा नेलाच एखादा, तर आवणीच्या भरात चार बाया तापाने बसल्यावर होणारे नुकसान त्याहून मोठे असते. रोपे काढून पडलेली असतात आणि दुसऱ्या गावाहून जास्त मजुरीने माणसे आणावी लागतात.

सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) मंडळींनाही दोन शब्द. पाणी सोडणारा, गटार काढणारा, दिवाबत्ती पाहणारा ही ग्रामपंचायतीची स्वतःची माणसे आहेत. त्यांचे मालक आपणच. त्यांना दर पावसाळ्याआधी कोट आणि गमबूट मिळाले पाहिजेत, त्यासाठी कुठल्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. शेतमजूर बायांसाठी मात्र थोडी खटपट करावी लागेल. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. अकोल्यातल्या पेसा गावांना पाच टक्के अबंध निधी येतो. त्यांतून हा खर्च बसतो का, हे शासन निर्णयाच्या चौकटीत तपासावे लागेल. पण तपासणी होण्यासाठी आधी कुणीतरी ठराव मांडायला हवा, आणि तो अजून कुठे मांडलेला माझ्या पाहण्यात नाही.

फक्त एक विनंती आहे. "वाटप" करू नका. वाटपाचे रेनकोट आपण पाहिलेले आहेत. सगळे एका मापाचे, सर्वांत स्वस्त, पाठीवर कुणाचा तरी फोटो, आणि श्रावण येईपर्यंत त्याच्या चिंध्या गोठ्याच्या खिडकीला. त्यापेक्षा कापड आणा आणि गावातच शिवून घ्या. महिलांना शिलाई मशीन देण्याच्या योजना वर्षानुवर्षे चालल्या, मशीन कित्येक घरांत आहेत, आणि ब्लाउज-पिशव्यांपलीकडे काम नाही म्हणून झाकून ठेवलेली आहेत. बचत गटाने हे काम घेतले तर मापही गावचे राहील आणि मजुरीही गावात राहील. लेप दिलेले कापड मशीनखाली चिकटते, त्यावर पातळ कागद ठेवून शिवावे. टाका थोडा मोठा ठेवावा, शिवण दोनदा दुमडावी आणि आतून पट्टी चिकटवावी. ताडपत्री शिवणारा कारागीर तालुक्याच्या बाजारात असतोच, त्याला एक दिवस गटापुढे बसवले तर हे कसब शिकायला वेळ लागत नाही.

१ मेच्या ग्रामसभेत विषय घेतला तर मृग निघेपर्यंत महिना-सव्वा महिना हातात राहतो. पहिल्यांदा गावात पाचच कोट शिवा आणि पाच बायांना वळवाच्या पावसात घालायला द्या. कुठे गळतो, कुठे रुततो, कुठे उकडते ते त्याच सांगतील, मग बाकीचे कापा. माप घेताना बाईला उभी ठेवून घेऊ नका. आवणीला वाकते तशी वाकायला सांगा आणि मानेपासून कमरेखालपर्यंत पाठ तशीच मोजा.